रेवणअप्पांच्या चिडाच्या फळ्या

शिवम्मा स्वभावानं वाईट नव्हती, डोकं तेवढं तापट होतं. आणि परळीच्या भर पेठेत रेवणअप्पांसारख्या हौशी दुकानदाराशी संसार करायचा म्हटल्यावर कुणाचं डोकं थंड राहील, सांगा!

तिचं मागणं एकच होतं, सारवणातून सुटका. लग्न होऊन आली तेव्हापासून घरभर शेणाचा हात फिरवून तिचे गुडघे पार कामातून गेले होते. सारवून झालं की उठायचं कसं, तर भिंतीला धरून, वैजनाथाचं नाव घेत. म्हणून नवी बैठक बांधायला काढली तशी ती म्हणाली, "आवो, हितं शहाबादी फरशी टाका. पाणी वतलं, खराट्यानं लोटलं की झालं. उभ्यानंच काम."

"फरशी?" अप्पा हसले. "फरशी तर लोकांच्या गोठ्यात बी हाय. मी हैदराबादला गेलतो तवा एका हवेलीत लाकडाची जमीन बघितली. चिडाच्या फळ्या, पिवळ्याधमक! त्यावर चाललं की माणूस सायबच वाटतो."

"आन् सारवण?"

"लाकडाला कोण सारवतंय? तुझे गुडघे सुटले म्हण."

एवढ्या एका बोलण्याला बिचारी भुलली.

मग हैदराबादहून नमुन्याच्या दोन फळ्या आल्या, एक गाठींची, एक बिनगाठींची. आता काय विचारता! अप्पांनी त्या दुकानात मांडल्या आणि मीठ न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा विचारायला लागले, कंची बरी दिसती? गिऱ्हाईक मीठ विसरून घरी जायचं. शेजारची दानम्मा गाठींची म्हणाली, की गाठींची ठरायची. रामकिसन सुतार म्हणाला, "गाठी निघून पडतेत अप्पा, आन् वाळवी तर दोन्हीला लागती," की बिनगाठींची ठरायची. वाळवीचं अप्पांनी ऐकलंच नाही. जेवताना ताटाशेजारी फळी, निजताना उशाशी फळी!

"तुला कंची आवडली?" त्यांनी शेवटी बायकोला विचारलं.

"फरशी."

"आगं, लाकडाचं बोल की!"

शिवम्मानं हात टेकले. शेवटी बिनगाठींच्या फळ्यांच्या गाड्या आल्या, रामकिसननं त्या ठोकल्या आणि गाव बघायला लोटलं. बघून झालं, पण आत कुणी बसेना. बायका उंबऱ्याबाहेरच उभ्या. "सारवलेलं न्हाई, बसावं कुठं माय?" म्हणायच्या आणि निघून जायच्या. अप्पांचा चेहरा उतरायला लागला, पण कबूल करतील तर शपथ.

श्रावणातल्या सोमवारी जंगमस्वामी पाद्यपूजेला यायचे होते. त्या सकाळी अप्पा बैठकीत येरझाऱ्या घालत होते. मग हळूच म्हणाले, "आगं, जरा सारवून घे की."

"काय?"

"तसं न्हाई. स्वामींचा पाट बिनसारवल्या जागेवर कसा मांडावा? शुद्ध नको का?"

शिवम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाकडाला कोण सारवतंय म्हनलता ना तुमी? माझे गुडघे सुटले म्हनलता! कशाला बोललात मग?" ती तरातरा गेली आणि शेणकाल्याची बादली आणून त्यांच्यापुढं आदळली. "घ्या. हौस तुमची, हात बी तुमचाच."

"लोक काय म्हणतील?"

"दार लावून घ्या."

स्वामींची वेळ झाली होती. अप्पांनी धोतर खोचलं आणि बसले गुडघ्यावर. शेण फळीवर धरेना, घसरून फटीत जायला लागलं! एक हात फिरवला की मागचा ओघळ पुढं. आधी अप्पा लाकडाला शिव्या घालत होते, मग सुताराला. अर्धी खोली झाल्यावर नुसतं कण्हणं ऐकू यायला लागलं. शिवम्मा चौकटीला टेकून उभी होती. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. इतकी वर्षं हेच कण्हणं या माणसाच्या कानावर पडत होतं, आणि त्याला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

सारवून झालं. बाहेर स्वामींच्या खडावा वाजल्या. अप्पा उठायला गुडघा उचलायला गेले, तो उचलेना.

"आगं, हात दे. उठता येईना."

"भिंतीला धरून उठा," शिवम्मा म्हणाली. "मी तशीच उठते."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग नव्याकोऱ्या चुन्याच्या भिंतीला हात लावून ते कसेबसे उभे राहिले.

शहाबादी फरशी पुढच्या उन्हाळ्यात आली. भिंतीवरचा शेणाचा पंजा मात्र शिवम्मानं कुणाला पुसू दिला नाही.