स्टॉलचा स्पीड

आमच्या घरात गाड्यांमधलं काहीही न कळणारी मी एकटीच आहे, म्हणून आप्पांच्या गाडीचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग निवडायचं काम मी माझ्याकडे घेतलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. पुण्याजवळ मांजरी गावात आमचा थोडा ऊस आहे. छोट्या डिझेल ट्रकवर रसाचं यंत्र, म्हणजे चरक, बसवून आप्पा रोज खराडीला जायचे आणि आयटी पार्कच्या फाटकासमोर रस विकायचे. (त्याच पार्कात मी संगणकासमोर बसून दुसऱ्यांच्या चुका शोधते. त्याचा मला पगार मिळतो.) पुढे आप्पांचा डावा गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी क्लच दाबायला बंदी घातली. माझा धाकटा भाऊ बंड्या त्यांना ट्रकमधून पोचवायला लागला. बंड्याची सकाळ दहाला होते. आप्पांची चारला. रोज वाद.

"मला कुणी पोचवायचं नाय," आप्पा एक दिवस ताट सारून म्हणाले. "मी काय पार्सल हाय का? माझा मी जाईन, न्हाईतर जाणारच नाय."

आणि खरंच दोन आठवडे ते ओट्यावर बसून राहिले. तो माणूस असा बसलेला मला बघवेना.

बंड्याने उपाय काढला. या पठ्ठ्याने त्या गरीब ट्रकला आधीच मोठा टर्बो बसवून सगळ्या आळीची झोप उडवली होती. आता त्याने भंगारातून एका परदेशी गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. त्यात क्लच नसतो. त्याऐवजी तेलाने भरलेला घागरीएवढा डबा असतो, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. इंजिनाची ताकद त्या तेलातून गिअरबॉक्सकडे जाते. भंगारातला डबा अर्थातच फुटका होता.

"ताई, हा अमेरिकेतून मागवावा लागंल. पण घेताना मला विचार."

"तुला काय विचारायचं? आमचा कुलकर्णी तिकडेच आहे."

तेव्हा आयटीतल्या प्रत्येकाचा एक कुलकर्णी अमेरिकेत असायचा आणि आम्ही सगळे त्याला हमाल समजायचो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरी त्या ट्रकला ट्रक कुणीच म्हणत नाही. स्टॉल म्हणतात. "स्टॉल धुतला का?" "स्टॉलमधलं डिझेल बघ." मी सुद्धा ऑफिसात तेच म्हणते.

तर, एका सकाळी कुलकर्णीचा तिकडच्या सुट्या भागांच्या दुकानातून फोन आला.

"अगं, हा विचारतोय, स्टॉल स्पीड किती हवा?"

अमेरिकेतल्या दुकानदाराला आमच्या स्टॉलची एवढी काळजी! मी भारावले. आप्पांना हाक मारली. "आप्पा, स्टॉलचा स्पीड किती?"

आप्पा लंगडत बाहेर गेले, चरकाच्या मोटारीवरची पत्र्याची पाटी वाचून आले. "अठ्ठावीसशे ऐंशी. म्होरं आरपीएम लिवलंय."

"कुलकर्णी, अठ्ठावीसशे ऐंशी आरपीएम."

पलीकडे कुजबुज झाली. "तो म्हणतोय, डिझेल इंजिनाला एवढा? नक्की ना?"

न्हाणीघरातून बंड्या ओरडला, "ताई, कसला आकडा सांगतीयेस?"

"तू साबण लाव," मी म्हणाले. आणि फोनवर, ठणकावून, "त्याला सांग, आमचा स्टॉल आम्हाला माहीत आहे."

ते वाक्य आठवलं की आजही माझ्या कानशिलात रक्त चढतं. आधी मला बंड्याचा राग येतो, मग न्हाणीघराचा, मग कुलकर्णीचा. (इतका आज्ञाधारक माणूस अमेरिकेत टिकतो कसा?)

डबा आला, बसला. अंगणात रिकामा ट्रक फिरवला तेव्हा तो नुसता गुरगुरत सरकला. बंड्याच्या कपाळाला आठी पडली. मी म्हणाले, "नवीन आहे, रुळेल."

सोमवारी ऊस, बर्फ, जनरेटर असं सगळं लादून आम्ही निघालो. स्टिअरिंगवर आप्पा, दाढी केलेले, इस्त्रीचा सदरा घातलेले. मध्ये बंड्या, कडेला मी. नदीवरच्या पुलाच्या चढावर पुढची वाहनं थांबली. आम्हीही थांबलो. वाहनं निघाली. आम्ही थांबलोच. आप्पांनी रेस दिली, इंजिन डरकाळ्या फोडायला लागलं, आणि ट्रक मागे घरंगळला. पुन्हा रेस, पुन्हा डरकाळी. एक हातगाडीवाला आम्हाला ओलांडून गेला.

खिडकीशी एक स्कूटर आली. हेल्मेटमधून शांत आवाज. "आपण निघणार आहात, की ही नुसती घोषणा आहे?"

जळक्या तेलाचा वास सुटला. बंड्या माझ्याकडे वळला. "ताई, स्टॉल स्पीड किती घेतलास?"

"अठ्ठावीसशे ऐंशी."

त्याने डोकं धरलं. "अगं, ब्रेक दाबून फुल रेस दिली की इंजिन ज्या आकड्याला अडकतं, तो स्टॉल स्पीड! तिथपर्यंत नुसतं तेल घुसळत बसायचं. आपलं इंजिन तीन हजाराला दमतं. आकडा दिला कुणी?"

"आप्पांनी."

"मी?" आप्पा गरजले. "तू स्टॉलचा स्पीड इचारला, मी चरकाचा सांगितला. तुला ट्रकचा पायजे व्हता, तर ट्रक म्हणायचं."

जन्मात कुणी त्याला ट्रक म्हटलं होतं?

ढकलत ढकलत आम्ही तो पुलाखालच्या रिकाम्या जागेत लावला. आप्पा खाली उतरले, जनरेटर चालू केला आणि खोळंबलेल्या लोकांना रस विकायला लागले. पहिला ग्लास स्कूटरवाल्याने घेतला. "बर्फ नको," म्हणाला, "थंड तुम्ही आहातच."

ट्रक अजून तिथेच आहे. धंदा फाटकासमोरच्यापेक्षा बरा चालतो, म्हणून आप्पा तो हलवू देत नाहीत. पण ज्यांना कुणी पोचवायला नको होतं, ते आता रोज पहाटे माझ्या स्कूटीवर मागे बसतात आणि वाटभर मला गाडी कशी चालवायची ते सांगतात. संध्याकाळी परत आणायलाही मीच.

मधल्या वेळात तिथे रस प्यायला गाड्या थांबतात आणि पूल तुंबतो. परवा आमचा मॅनेजर तासभर अडकून तणतणत आला. "त्या पुलाशी कुठल्या मूर्खाने ट्रक उभा केलाय, कळत नाही."

मला कळतं. पण ते सांगायचा मला पगार मिळत नाही.