काकींच्या झोपेच्या मापाचा स्विच

कंपनी प्रत्येक वस्तूत एक स्क्रू चुकीचा पिळून ठेवते आणि तो शोधून काढण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, अशी आमच्या हिच्या मामांची पक्की खात्री आहे. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा चहा उकळेपर्यंत त्यांनी आमच्या दाराचा क्लोजर ‘अ‍ॅडजस्ट’ केला. तेव्हापासून आमचं दार पाहुण्याच्या टाचेवरच बंद होतं. आमच्या कुकरची शिट्टी त्यांनी अशी सुधारली, की ती डाळ शिजायच्या आधी तरी होते, नाहीतर होतच नाही. “कंपनीचं सेटिंग साधारण माणसासाठी असतं, जावईबापू,” असं ते मला समजावतात. उभी नोकरी त्यांनी विम्याच्या कचेरीत फायली लावण्यात काढली. तिथे पिळायला काही नव्हतं. ते सगळं राहिलेलं पिळणं निवृत्तीनंतर आमच्या वाट्याला आलं.

मामी गेल्यावर लालबागच्या चाळीतल्या खोलीचा पुढचा अर्धा भाग म्हणजे मामांचं वर्कशॉप झालं. रे रोडच्या भंगारवाल्याकडून त्यांनी एक जुना एअर कॉम्प्रेसर आणला आणि चाळीतले टेबलफॅन, शेगड्या, मुलांच्या सायकली असं जे हाती लागेल ते स्प्रेने रंगवायला घेतलं. रंगाचे पैसेही घेत नसत. अडचण एकच होती. टाकीतली हवा जरा कमी झाली, की मोटर धडधडत सुरू व्हायची, पाच मिनिटांनी थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. पलीकडे लाकडी पार्टिशनला लागून शेजारच्या काकींची कॉट होती. काकी गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. गिरणी बंद पडल्यापासून त्यांनी दुपारी दोन ते चारची झोप कधी चुकवली नव्हती. “मेल्या, एक तर तुझा ता मशीन ऱ्हवात, नायतर मी,” असं त्यांनी गॅलरीत सर्वांदेखत सांगितलं. रविवारी चाळीची मीटिंग ठरली. मशीन गेलं, तर मामांना कल्याणच्या नव्या फ्लॅटवर न्यायला त्यांचा मुलगा टपूनच होता. मामा रडकुंडीला आले. “तिकडे सगळं नवं कोरं आहे हो. एक स्क्रू ढिला नाही. मी दिवसभर करू काय?”

मी सरळ विचारलं, “दोन ते चार बटण बंद का ठेवत नाही?”

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बंद कोणीही करेल. अ‍ॅडजस्ट करायला अक्कल लागते.”

टाकीत हवेचा दाब किती असताना मोटरने सुरू व्हायचं आणि किती असताना थांबायचं, हे प्रेशर स्विच ठरवतो. त्याच्या झाकणाखाली दोन स्प्रिंगा असतात. मोठी पिळली की दाबाचे हे दोन्ही आकडे वर सरकतात. लहान पिळली की दोन आकड्यांमधलं अंतर वाढतं, म्हणजे मोटर उशिरा सुरू होते. मामांनी अर्थातच मोठी पिळली, कारण ती मोठी होती. अडीचच्या सुमाराला टाकीतली जास्तीची हवा सोडणारा सेफ्टी वाल्व उडाला आणि अशी किंकाळी फुटली, की अख्खी चाळ गॅलरीत आली. काकीही आल्या. अंबाडा बांधलेला, पायात चपला, हातात रिकामा डबा. गिरणीत निघाल्यासारख्या त्या जिना उतरू लागल्या आणि तिसऱ्या पायरीवर त्यांना पूर्ण जाग आली. हातातल्या डब्याकडे त्यांनी पाहिलं. मग वर आल्या आणि मामांना म्हणाल्या, “भोंगो कित्याक वाजयलंस रे?”

त्या ओरडल्या नाहीत, म्हणून मामा जास्तच घाबरले.

शनिवारी मला बोलावणं आलं. या खेपेला त्यांनी आधी प्लग काढला, टाकी रिकामी केली, मोठी स्प्रिंग होती तशी केली आणि लहान स्प्रिंगेला हात घातला. अर्धा फेरा पिळायचा, झाकण लावायचं, टाकी भरायची, रंगवायला बसायचं आणि भिंतीला कान लावायचा. पलीकडून काकींचं घोरणं शांतपणे चालू असेतो सेटिंग बरोबर. मोटरीने घोरणं तुटलं, की पुन्हा अर्धा फेरा. “माझे निजेचा माप घेतंस काय मेल्या?” असा पार्टिशनपलीकडून आवाज आला, तेव्हा मी निसटू पाहत होतो. मामांनी माझी बाही धरून ठेवली. शेवटी रविवारी पावणेदोनला भरलेली टाकी चार वाजेपर्यंत पुरली. मोटर एकदाही बोलली नाही.

संध्याकाळी मीटिंगमध्ये काकी म्हणाल्या, “मशीन ऱ्हवांदे. पण परत भोंगो वाजलो, तर डबो तू भरून देवचो.” आणि स्वतःचा टेबलफॅन त्यांनी मामांपुढे ठेवला.

त्या सेटिंगची एक खोट होती. टाकी इतकी खाली उतरायची, की शेवटी शेवटी स्प्रे थुंकायचा आणि रंग दाणेदार बसायचा. “मामा, पंख्याला घामोळं आलंय,” असं पोरं चिडवायची. काकींच्या पंख्यालाही आलं होतं. त्यांनी ते चालवून घेतलं.

गेल्या वर्षी काकी गेल्या. त्यांच्या खोलीला आता कुलूप आहे. मध्यंतरी मी गेलो होतो, तेव्हा मामा कोणाची तरी शेगडी रंगवत होते आणि तिला घामोळं येत होतं. मी म्हणालो, “आता तरी स्विच पहिल्यासारखा करा. अर्ध्या तासाचं काम आहे.”

नट पिळायचे पाने समोरच पडलेले होते. मामांनी एक उचलला, स्विचच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसली आणि पाना होता तिथे ठेवून दिला.

“नको,” ते म्हणाले. “नीट बसलंय ते.”