गळ्यातली पाटी

सहार विमानतळावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निघताना एवढंच सांगितलं, "तिकडचे शिक्षक सांगतील तसं वागा. पोरीचं भलं होईल." जन्मभर साताऱ्यात मास्तरकी केलेला माणूस, दुसरं काय सांगणार? तीन वर्षांची मृणाल त्यांच्या कडेवरून हमालाला बजावत होती, "काका, बॅग सांभाळून हं!"

अमेरिकेत ट्रॉयला आल्यावर वर्षभराने ती शाळेत जायला लागली. तिच्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, घरी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मुलगी मागे पडेल. आम्ही नवराबायको दोघंही इंजिनियर, पण शिक्षकांपुढे तोंड उघडायची सवयच नाही. मान डोलावली आणि त्या दिवसापासून घरात मराठी बंद. दोन वर्षं मी पोटच्या पोरीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत भरवलं, निजवलं. लिहितानाही लाज वाटते.

मग एका रविवारी आप्पांचा फोन आला, तो मृणालने घेतला. "जेवलीस का गं, बाळ?" मृणालने रिसीव्हर माझ्या हातात दिला. "मॉम, व्हॉट इज ही सेइंग?"

पलीकडून आप्पा म्हणाले, "राहू दे. लाइन खराब असेल."

लाइन चांगली होती.

शेजारच्या ग्वेनआजींपाशी मी रडले. त्या मूळच्या वेल्सच्या. त्यांच्या आजीच्या लहानपणी शाळेत कुणी आपली वेल्श भाषा बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवत; मग दुसरं कुणी बोललं की ती त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात असेल, त्याला छड्या.

"आणि 'वेल्श' हे नावही आमचं नव्हे," त्या म्हणाल्या. "बाहेरून आलेल्यांनी आम्हाला दिलं. अर्थ काय, तर परके! आमच्याच देशात! आम्ही स्वतःला 'कम्री' म्हणतो. एका मातीतली माणसं." मग माझ्यावरच डाफरल्या, "आमच्या गळ्यात पाटी दुसऱ्यांनी बांधली. तू तर स्वतःच्या हाताने पोरीच्या गळ्यात घातलीस!"

तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंवर, आप्पांवर, सगळ्यात जास्त माझ्यावर.

पुढच्या भेटीत बाई कौतुकाने म्हणाल्या, मृणालचं इंग्रजी एक्सलंट आहे. मी म्हटलं, "थँक यू. नाऊ गिव्ह मी बॅक हर मराठी."

तेव्हापासून घरात मी मराठीच बोलते. मृणाल इंग्रजीत उत्तरं देते. तिकडून तुम्ही सगळे नातेवाईक पत्रात विचारता, घर कसं आहे? छप्पर आहे, हीटिंग आहे, दोन गाड्यांचं गराज आहे. पण एक दिवस मी तिला मराठीतून रागावेन आणि ती मराठीतूनच मला उलट बोलेल. त्या दिवशी मी त्याला घर म्हणेन.