डाव्या हाताचा ठेका

आमच्या ऑर्केस्ट्रात गाणी कमी, किस्से जास्त. गाणी आम्हाला बसवावी लागतात. किस्से आमचे म्हातारे मास्तर आपोआप पुरवतात.

*

बोपचे मास्तर ऑर्केस्ट्राचे मालक. आयुष्यभर नाटकांत पेटी वाजवलेली. पियानोचा आवाज देणारा कीबोर्ड आणला, तरी यांचा उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हवेत भाता मारतोय!

मी म्हटलं, "मास्तर, याले हवा नाही, करंट लागते."

"तू मले शिकवून राहिला का बे? आधी पॉलिटेक्निक पास होऊन दाखव!"

पॉलिटेक्निक मी सोडलं होतं. यांची पेटी काही सुटत नव्हती.

*

कीबोर्ड शेवटी माझ्याकडे आला. पियानोचा जीव डाव्या हातात. उजव्याचे सूर तेच ठेवा, डाव्यानं दोन मात्रांच्या मधे धक्का द्या, झोपलेलं गाणं उठून बसतं. मास्तरांना धक्का नको. "डावा हात खिशात!"

घातला. मग पायानं ठेका धरला. त्यांनी चप्पल काढायला लावली!

*

हा धक्का मला राइस मिलनं शिकवला. बाबा तिथे मिस्त्री. मशीनच्या पट्ट्याचा जोड दर फेऱ्याला 'खट' वाजायचा, नेमका दोन ठोक्यांच्या मधे. रोज तासभर उभा राहून मी तो मांडीवर उतरवला.

"काऊन गा, पोती उचलाले आला का?" बाबा.

"नाही. पट्टा ऐकून राहिलो."

बाबांनी मिलभर सांगितलं, पोरानं कॉलेज सोडलं, आता डोकंही सोडलं!

*

आमगावला मास्तरांनी गाणं इतकं सपाट वाजवायला लावलं, की पहिली रांग उठून समोसे खायला गेली. भडकले माझ्यावरच!

"देवरीच्या लग्नात कीबोर्डमधला मशीनचा ठेका लावाचा. बटन दाब, नाही तर घरी बस. दुसरा पोरगा पाहून ठेवला आहे."

"बटन दाबाले माणूस कायले पाहिजे?" मी म्हटलं. तरी देवरीला गेलो.

*

देवरीला ढोलकवाला राजू पोचलाच नाही. बस बंद पडली. दुपारच्या पंगती बसलेल्या. मास्तर कानाशी आले, "आता तरी दाब!"

मी बटनावर चिकटपट्टी लावली. डाव्या हातानं सुरू केलं. मास्तर मागून खांदा दाबत होते, थांबलो नाही. नवरदेवाचा मामा वाढणं सोडून नाचायला लागला!

चार गाण्यांनंतर मंडपामागच्या चुलीकडून मुलीचे वडील चार ताटं घेऊन आले. मास्तर, गायक आणि मी, आम्ही तिघंच.

"चौथं कोणाचं जी?" मास्तरांनी विचारलं.

"ढोलकवाल्याचं! कोठी गेला तो? केव्हाचा वाजवून राहिला, उपाशी असंल बिचारा."

चौथं ताट मास्तरांनी माझ्या डाव्या बाजूला सरकवलं.