कार्बनची रिम, अर्धा आटा

रिमांचा खोका शाळेच्या पत्त्यावर आला. शिपाईकाकांनी तो एका हातानं उचलला, कानाशी हलवून पाहिला आणि मला म्हणाले, "मॅडम, रिकामाच हाये वाट्टे हा. फसवलं तुमाले." आत दोन कार्बनच्या रिमा होत्या आणि दोन्ही मिळून किलोभरही भरत नव्हत्या. फसवलं असेल अशी शंका मलाही होतीच, म्हणून मधल्या सुट्टीतच खोका फोडला.

मी धाड गावातल्या शाळेत शिकवते आणि बुलढाण्यात राहते. कामाच्या दिवशी एसटी, रविवारी सायकल. चाळिशीतल्या बाईनं घट्ट कपडे घालून मोताळ्याच्या रस्त्यानं सायकल हाणावी याचं लोकांना पहिली दोन वर्षं नवल वाटलं, मग ते थांबलं. तयार कार्बनची चाकं मला परवडत नाहीत. पण नुसत्या रिमा चीनमधून मागवल्या, मधले हब आणि तारा वेगळ्या घेतल्या आणि चाक आपण विणलं, तर परवडतं. प्रश्न विणणाऱ्या हाताचा असतो. तो हात आमच्या घरातच होता.

बाबांचं घाटाखाली, मलकापुरात सायकलचं दुकान आहे. त्यांनी आजवर किती चाकं विणली, ते त्यांनाही सांगता येणार नाही. मला मात्र त्यांनी कधी पाना हातात दिला नाही. भावाला दिला. भाऊ आता पुण्यात संगणकापुढे बसतो आणि त्याच्या चारचाकीत हवासुद्धा दुसरं कोणीतरी भरतं. हे मी बाबांना संधी मिळेल तेव्हा ऐकवते.

मी रिमा घेऊन गेले, तेव्हा त्यांनी नखानं टिचकी मारली.

"प्लास्टिक हाये."

"कार्बन आहे, बाबा."

"वाजते तं प्लास्टिकवानी. वाकडं फिरलं तं याचा आऊट कसा काढाचा वं? लोखंड वाकते, मंग आपन त्याले समजावतो. हे काही ऐकनारं दिसत नाही."

"तुम्ही विणू नका. मी विणते. तुम्ही फक्त शिकवा."

 त्यांनी स्टूल सरकवून दिलं. एवढ्या वर्षांनी ते स्टूल मिळालं, याचा मला झाला तेवढा आनंद बी.एड.चा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

दोन रविवार आम्ही विणत होतो. हब मांडीवर, भोवती रिम, आणि एकेक तार दोन तारांवरून नेऊन तिसरीच्या खालून काढायची. ऐकायला सोपं आहे. पहिलं चाक मी तीन वेळा चुकवलं, आणि तिन्ही वेळा बाबा दुसऱ्याचं पंक्चर काढता काढता, मानही न वळवता म्हणाले, "उघड परत." वर्गात मी पोरांना ज्या आवाजात "पुन्हा लिहा" म्हणते, तोच आवाज. मी उघडलं परत.

तारांचा ताण मोजायला मी एक छोटं यंत्र घेतलं होतं. ते पाहून बाबांना हसू आलं. ते दोन तारा चिमटीत धरून दाबतात आणि त्यांना कळतं. तरी मी प्रत्येक तारेचा आकडा वहीत लिहिला. रिमेसोबत एक कागद आला होता, त्यावर याहून जास्त ताण देऊ नये असं स्पष्ट छापलं होतं. तो मी त्यांना मराठीत करून सांगितला, कारण मला त्यांची एक सवय माहीत होती. चाक सरळ झालं, ताण बसला, गिऱ्हाईक खूश झालं, की बाबा शेवटी प्रत्येक तारेला अर्धा आटा, म्हणजे पान्याचा अर्धा फेरा, जास्त देतात. दुधाचे कॅन, कापसाची गाठोडी, शेतातल्या वाटा. आमच्याकडे पंधरा दिवसांत तारा ढिल्या पडतात आणि खेड्यातला माणूस त्या आवळायला परत थोडाच येतो. म्हणून तो अर्धा आटा. त्याचे ते वेगळे पैसे घेत नाहीत आणि सांगतही नाहीत.

"या रिमेला तो चालत नाही, बाबा. लोखंड दबून घेतं. हे सरळ फुटतं."

"हाव," ते म्हणाले. आमच्या घरात हाव म्हणजे ऐकलं. पटलं असा त्याचा अर्थ होत नाही, हे मला कळायला हवं होतं.

टायर यायचे होते, म्हणून चाकं आठवडाभर दुकानातच ठेवली. पुढच्या रविवारी जुन्या चाकांवर खाली आले, नवी बसवली आणि ऊन चढायच्या आत परत निघाले. सायकल अशी पळत होती की मी एकटीच मोठ्यानं हसले. मोताळा सोडल्यावर एका खड्ड्यात पुढचं चाक आदळलं आणि टक असा आवाज आला. उतरून पाहिलं, तर दोन तारांच्या भोकांपाशी केसासारख्या चिरा. मी सायकल काळीपिवळी जीपच्या टपावर टाकली आणि घाट चढून घरी गेले.

घरी येऊन रिमा विकणाऱ्याला चार शब्द सुनवायचे, असं वाटेत ठरवून टाकलं होतं. सहज म्हणून यंत्र लावलं. वहीतल्या आकड्यांपेक्षा सगळे आकडे जास्त, आणि सगळे सारखेच जास्त. मागच्या चाकाचंही तेच. अठ्ठावीस तारांना तंतोतंत तेवढाच पीळ देणारा हात मला एकच माहीत होता. राग तर आलाच, पण काय हात आहे या माणसाचा, असंही त्याच क्षणी वाटलं. त्यानं राग आणखी वाढला.

फोन लावला. "बाबा, तारा आवळल्या तुम्ही?"

"हाव. अर्धाच आटा."

"मी कागद वाचून दाखवला होता ना?"

"तू घाटातून येऊन राह्यली. मले भरोसा नाही त्या प्लास्टिकचा."

"आणि तेच घाटात फुटलं असतं तर? तुमच्या हातानं मेले असते मी!"

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी ओरडले की वर्ग गप्प बसतो आणि मला बरं वाटतं. तेव्हाही घटकाभर वाटलं.

आठ-दहा दिवसांनी आईचा फोन आला. "तुया बापानं चाक विननं सोडलं वं. पंक्चर काढते, चेन चढवते, बस. काल वडनेरचा मानूस रिम घेऊन आल्ता, त्याले म्हने दुसरीकडं जा. काय बोलली तू त्याईले?"

मी आईला काहीतरी थातुरमातुर सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. चूक त्यांची होती, त्यात काही शंका नाही. पण त्यांनी घाबरून केली होती, आणि ती भीती माझ्यासाठी होती. मी मात्र नेमकं त्यांच्या हातांवरच बोलले, ज्यांच्यावर त्यांचं सगळं आयुष्य उभं आहे. माफी मागायला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "आईजवळ देतो" म्हणून त्यांनी फोन देऊन टाकला.

मागचं चाक मी अर्धा आटा ढिलं करून घेतलं. पुढची रिम नवीन मागवली, आणि या वेळी एकटीनं स्वयंपाकघरात विणली. सायकल उलटी ठेवून तिच्याच पुढच्या दांड्यांच्या चिमट्यात चाक फिरवलं. दोनदा चुकलं. दोन्ही वेळा "उघड परत" असं मीच मला म्हटलं. तीन दिवस रोज यंत्र लावून पाहिलं, आकडे हलले नाहीत. मग आईला फोन करून सांगितलं, की रविवारी सायकलनं येते, जरा बाबांना फोन दे. बाबा आले.

"चाक झालं, बाबा. घाटातून येते."

"बसनं ये," ते म्हणाले आणि फोन परत आईकडे गेला.

मी सायकलनंच निघाले. राजूर घाट मी शेकडो वेळा उतरले आहे, पण त्या सकाळी भ्याले. एरवी जिथे सायकल सोडून देते, तिथेही ब्रेक दाबत होते. प्रत्येक वळणावर कान पुढच्या चाकाकडे. चाक काही बोललं नाही. अर्ध्या घाटात थोडा धीर आला, आणि मग बाबांना काय म्हणायचं ते मी जुळवायला लागले. रागाच्या भरात बोलले, असं नाही म्हणायचं. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं. शेवटच्या वळणापर्यंत वाक्य चांगलं जमलं होतं.

घाट संपतो तिथे, रस्त्याच्या कडेला, बाबा उभे होते. रविवार म्हणजे दुकानाचा खरा दिवस. त्या दिवशी ते जेवायलासुद्धा घरी जात नाहीत. पहिल्या बसनं येऊन उतरले होते. हातात एक चाक होतं, अठ्ठावीस इंची, लोखंडी रिमेचं, दूधवाल्यांच्या सायकलला असतं तसं. तारा कोऱ्या होत्या. नुकतंच विणलेलं होतं.

मी ब्रेक दाबून थांबले. जुळवलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

"हे माझ्या सायकलला बसत नाही, बाबा," मी म्हणाले. म्हणजे त्यांना, ज्यांनी जन्मभर दुसरं काही केलं नाही, त्यांना मी हे सांगत होते.

"मालूम हाये मले."

"मग कशाला आणलं?"

"काय करू मंग. रिकाम्या हातानं उभं राहवेना."

त्यांनी ते चाक दगडाला टेकवून ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलंच नाही, खाली वाकून पुढच्या चाकाकडे बघत राहिले. हात पाठीमागे धरलेले. मग विचारलं, "हात लावू का?"

चाकाला हात लावायची परवानगी मागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. "लावा ना, बाबा," म्हणाले आणि सायकल त्यांच्याकडे सरकवली.