न पाठवलेली दुरुस्ती

माझा भागीदार इनास, त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या ऑफिसात, म्हणजे माझ्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये, इनासवर चिडून बसलो होतो. अकरा वाजले तरी स्वारीचा पत्ता नव्हता. सकाळी वाडीत पाणी सोडताना तो पडला आणि डॉक्टर यायच्या आत गेला, असं भाऊ सांगत होता. एकोणचाळीस वर्षांचा माणूस... फोन ठेवला आणि पहिला विचार त्याचा नव्हे, माझाच आला. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती, ती आता कायमची राहिली.

आम्ही दोघं वेब सर्व्हिसेस बनवायचो. मोठं काम कामणच्या एका गोदामाचं: माल आला-गेला की व्यापाऱ्याच्या संगणकाला आपोआप कळावं. दोन हजार चार-पाचचा काळ. पायथनमध्ये वेबसाठी रोज कोणीतरी नवी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, काढायचा आणि मी रोज तिच्या प्रेमात पडायचो. इनास मात्र आधी तिच्याबद्दलची जुनी ईमेल-चर्चा वाचत बसायचा. एखाद्या नवशिक्याने बावळट प्रश्न विचारला तर लेखक त्याला कसं उत्तर देतो, ते बघून लायब्ररी निवडायचा. अरे, लायब्ररी बघतोयस की सोयरीक, अशी मी चेष्टा करायचो. तो म्हणायचा, पुढे नांदायचं असतं ना.

त्याने निवडलेली लायब्ररी महिनाभर नीट नांदली. मग गोदामाचं काम वाढलं आणि सर्व्हर दुपारपर्यंत गुदमरायला लागला. तीन आठवडे खपून इनासने दोष शोधला. काम संपलेली कनेक्शन्स ती लायब्ररी बंदच करत नव्हती. दुरुस्ती पंधराएक ओळींची, पण इतकी स्वच्छ की मला हेवा वाटला. आपल्या प्रतीत बदल करून मोकळं व्हावं, असं माझं मत. त्याला ते पटेना. त्यांच्या वाडीतली विहीर चार घरांची सामाईक. गाळ दिसला की ज्याला दिसला त्याने काढायचा, आपल्या पाळीपुरता नाही. तेव्हा दुरुस्ती मूळ लेखकाकडे गेलीच पाहिजे. पण इनास मराठी शाळेत शिकलेला, त्याला इंग्रजी पत्राची धास्ती. "तू लिही. चूक निघाली तर निघू दे, पण त्याला काय वाटतं ते मला कळायला पाहिजे."

मी लिहिलं नाही. आधी घाई होती, मग कंटाळा. आणि खरं सांगायचं तर भीती. त्या लेखकाने पाठ थोपटली असती तर इनासला स्वतःची किंमत कळली असती, मग तो माझ्या हॉलमध्ये कशाला बसला असता? त्याने विचारलं तेव्हा "पाठवलं" म्हणून मोकळा झालो. दोन वर्षं तो अधूनमधून उत्तराची चौकशी करायचा, मग विचारेनासा झाला. पुढे एका कामात असाच दोष निघाला, तर म्हणाला, तूच बघ, मला यातलं तेवढं कळत नाही... हे माझं कर्तृत्व. चांगल्या कारागिराचा हात मी नुसता गप्प राहून मोडला.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी ती दुरुस्ती त्याच्या नावाने पाठवली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. लेखकाने ती जशीच्या तशी स्वीकारली होती. हा दोष आपल्याला कित्येक वर्षं सापडत नव्हता, असं लिहून त्याने इनासचा पत्ता मागितला होता. लायब्ररीच्या कामात त्याला कायमचं सोबत घ्यायचं होतं. मी अजून काही कळवलेलं नाही.

परवा चर्चमध्ये त्याच्यासाठी महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली. नंतर त्याच्या आईने मला त्याच्या खोलीत नेलं. संगणकावर तिने विणलेला रुमाल होता, खुर्ची टेबलापासून जराशी मागे, तो उठून गेला तशीच. वाडीत जायच्या आधी तो रोज इथे बसून ईमेल बघायचा, असं ती म्हणाली. घरात ते आपल्या बोलीत बोलतात; माझ्याशी ती सावकाश, माझ्या मराठीत बोलत होती.

"कोणा मोठ्या माणसाचं पत्र यायचं होतं त्याला. ते आलं का रे?"

आलं म्हणालो असतो, तर कधी पाठवलं होतं तेही सांगावं लागलं असतं. मी नाही म्हणालो.

"मग त्याचंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली आणि तिने रुमाल सारखा केला.