ब्रेकवरचा पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्या दादांना तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, बहुतेक. ओळखीच्या माणसासमोर अजून माझी जीभ रेटत नाही.

दादा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे गव्हाणचे. जमीन गेली, मिठागर गेलं, त्याचे पैसे आले आणि आम्ही कामोठ्यात फ्लॅट घेऊन शहरातले झालो. पण त्याआधी दादांनी उभी हयात टेम्पो चालवला — मोरा बंदरावरून मासळी भरायची आणि बाजार उघडायच्या आत पनवेलला पोचवायची. खड्डे, चिखल, समोरून अंगावर येणारे कंटेनर, सगळं पाहिलेला माणूस. कुणाच्या सायकलला कधी त्यांचा धक्का लागला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं की मान खाली घालून ऐकत, आणि तेव्हा त्यांना फार बरं वाटे. मला ते दिसायचं.

टेम्पो विकल्यावर त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली. सेकंडहँडच. तिच्यात आईला शेजारी बसवून ते लग्नाला, साखरपुड्याला, कुणाच्या दहाव्याला जायचे. आई सीटबेल्ट लावायची नाही, साडी चुरगळते म्हणून. दादा तिला काही म्हणायचे नाहीत. मी आहे ना चालवायला, असा त्यांचा हिशेब.

ही गाडी एका रविवारी आमच्याच सोसायटीच्या भिंतीवर आदळली. दादा चालवत होते. आईचा उजवा हात मनगटात मोडला. ब्रेक मारायच्या ऐवजी दादांचा पाय चुकून दुसरीकडे पडला, असं सगळे म्हणायला लागले. वय झालं की होतं असं.

आमच्या घरात ही गोष्ट इतकीच आहे. पाहुण्यांना अशीच सांगतात. मीही अशीच सांगतो.

आता मागे जातो. मागे गेल्याशिवाय जमणार नाही.

त्या गाडीचे ब्रेक आवाज करायला लागले होते — पुढच्या चाकाकडून, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. दादा म्हणाले, जुन्या पनवेलीतल्या आपल्या गॅरेजवाल्याकडे नेऊ, पॅड बदलून देईल. मी म्हटलं, छे, पॅडनं काय होतंय, पूर्ण किट बदलू. आणि बदलू म्हणजे मीच बदलणार. मी उरण रोडवरच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर. हाताखाली माणसं होती, पण माझ्या स्वतःच्या हाताला कधी ग्रीस लागलेलं नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ मात्र ढीगभर पाहिले होते. ऑफिसात कुणी गाडीचा विषय काढला की मी सुरू. कुठला पॅड धूळ कमी करतो, कुठला घाटात तापत नाही, डिस्क कशी ओळखायची... लोक ऐकायचे. दीडशहाणा म्हणत असतील पाठीमागे, पण ऐकायचे.

किट निवडण्यात मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या. दुकानदारानं गाडीचं मॉडेल आणि वर्ष विचारलं, तर मी त्यालाच डिस्कचा व्यास सांगितला. पॅड, डिस्क, क्लिपा, ग्रीसची पुडी, सगळं एका खोक्यात. ते खोकं मी घरी टेबलावर ठेवलं तेव्हा दादांनी एक पॅड हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाले, चांगला हाय. एवढंच. मला केवढं मोठं वाटलं!

त्या रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये गाडीला जॅक लावला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. काम बरं झालं — खोटं कशाला सांगू, खरंच बरं झालं. डिस्क नीट बसल्या, पॅड नीट बसले, नट सगळे आवळले.

एक गोष्ट इथे तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुने पॅड झिजून पातळ झालेले असतात. नवे जाड. ते मावावेत म्हणून चाकाजवळचा पिस्टन मागे रेटावा लागतो. त्यामुळे काम झाल्यावर पॅड आणि डिस्क यांच्यात फट राहते. ती फट मिटावी म्हणून गाडी जागची हलवण्याआधी बसल्या बसल्या ब्रेकचं पेडल काही वेळा दाबायचं. पहिल्यांदा ते सरळ तळाला जातं, मोकळं. मग हळूहळू कडक होतं. कडक झालं की झालं. मिनिटभराचं काम, आणि हे न करता गाडी काढायची नाही, हे तर व्हिडिओत लाल अक्षरांत लिहून दाखवतात. मला ते माहीत होतं. ऑफिसात मीच दुसऱ्याला सांगितलं होतं.

मी ते केलं नाही.

का नाही केलं? मी फोटो काढत होतो. जुना झिजका पॅड आणि त्याच्या शेजारी नवा, असे फरशीवर मांडून. ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. लोकांचे अंगठे यायला लागले. ते बघत बघत मी हात धुवायला वर गेलो. दारातच दादा भेटले. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. मागे आई, गव्हाणला भाचीचा साखरपुडा होता म्हणून ठेवणीतली साडी नेसलेली. दादांनी विचारलं, झाली का गाडी? मी मोबाईलमधून मान वर न करता म्हणालो, "झाली. न्या."

आमच्या पार्किंगमधून बाहेर पडायला उतार आहे. उतार संपला की डावीकडे वळायचं, समोर भिंत. दादांनी गाडी सरळ पुढे काढली, उतारावर आणली, आणि खाली येऊन पहिल्यांदा ब्रेक दाबला. पहिल्यांदाच.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पेडल तळाला गेलं. त्यांनी जुन्या सवयीनं पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, हँडब्रेक ओढला — आणि गाडी भिंतीवर गेली. वेग फार नव्हता. पण आईनं हात पुढे टेकला होता.

मी धावत खाली आलो तेव्हा आई हात पोटाशी धरून बसली होती आणि दादा तसेच स्टिअरिंग धरून. मी दार उघडून आत वाकलो, आणि — हे मी विसरू शकत नाही — आधी आईकडे पाहायच्या ऐवजी मी हातानं पेडल दाबून पाहिलं. कडक होतं. दगडासारखं. दादांनीच ते दाबून दाबून कडक करून ठेवलं होतं. माझी चूक त्यांच्या पायानं पुसून टाकली होती. त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि लाज वाटायच्या आधी काय वाटलं सांगू? हायसं वाटलं.

दादा एकच बोलत होते, "माजा पाय ब्रेकवरच होता. पायाखाली कायच नाय लागलं."

वर मी म्हणालो ना, सगळे म्हणायला लागले म्हणून? सगळे म्हणजे कोण? दवाखान्यात माझ्या मेहुण्यानं विचारलं, कसं काय झालं. मी म्हणालो, दादांचा पाय चुकला असेल. ते पहिल्यांदा मीच म्हणालो. मग मेहुणा म्हणाला, बहीण म्हणाली, सोसायटीतले म्हणाले. गॅरेजवाल्यानं गाडी नेऊन ब्रेक तपासले, चालवून पाहिली, ब्रेक उत्तम निघाले. काम कुणी केलं, त्यानं विचारलं. मी केलं म्हटल्यावर त्यानं माझी पाठ थोपटली. मी ती थोपटू दिली.

तरीही दादा ऐकत नव्हते. माणूस हट्टी. जो येईल त्याला सांगायचे, पाय ब्रेकवरच होता. लोक हो हो म्हणायचे आणि एकमेकांकडे बघायचे. म्हाताऱ्याला कबूल करवत नाही, असं त्या बघण्यात असायचं.

आईचं प्लास्टर निघालं, पण हात पहिल्यासारखा वळेना. तांदळाची भाकरी दोन्ही हातांत धरून थापायची तर मनगट हवं. तिनं करून पाहिलं, पीठ हातातून निसटलं. पिठाचा गोळा तिनं पुन्हा परातीत ठेवला. दादा दारात उभे होते.

त्या दुपारी ते बाल्कनीत माझ्याशेजारी येऊन बसले. रस्त्यावरच्या रिक्षा बघायला लागले. मग म्हणाले, "तुना गाडीतला समजतंय. तूच सांग. माजा पाय चुकला काय?"

आख्ख्या जगात त्यांनी मला विचारलं. बाकी कुणाचं ते मानणार नव्हते, माझं मानणार होते, आणि ते मला माहीत होतं. एक वाक्य लागलं असतं. दादा, चूक माझी. रागावले असते, कदाचित दोन दिवस जेवले नसते. पण स्वतःचा पाय त्यांना परत मिळाला असता.

मी म्हणालो, "चुकला असेल, दादा. वय झालं आता."

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही, याचंच मला नवल वाटलं. उठले, स्वयंपाकघरात गेले. आयुष्यात त्या माणसानं आईची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली. "माज्यामुले तुजा हात गेला," म्हणाले. आई म्हणाली, जाऊ द्या, हाताचं काय. मग दादा रडले. मी बाल्कनीतच बसून राहिलो.

गाडीची चावी त्यांनी स्वतःच आणून मला दिली. मग हळूहळू ते प्रत्येक गोष्टीला घाबरायला लागले. गॅस बंद केला का, म्हणून पुन्हा पुन्हा उठून बघायचे. जिना उतरताना आधी पायाकडे पाहायचे, मग पायरीकडे. रस्ता ओलांडताना माझी बाही धरायचे — मोऱ्याचा रस्ता अंधारात पालथा घातलेला माणूस! आणि बाही धरून मला म्हणायचे, तू हायस म्हणून बरा हाय. काय वाटायचं तेव्हा? लाज वाटायची. पण बाहीला धरलंय, हे आवडायचंही. हेही सांगून टाकतो.

गव्हाणला जाणं त्यांनी सोडलं. शेवटच्या आजारपणात अंथरुणावरून सगळ्यांशी बोलले. मी रोज उशाशी बसत होतो. रोज आज सांगू म्हणत होतो. दादा गेले.

आई आमच्याजवळच असते. भाकऱ्या आता बायको करते. दादांचा विषय निघाला की आई चांगलं चांगलं सांगते आणि शेवटी म्हणते, तेवढा एकदाच पाय चुकला त्यांचा.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं गाडी शिकायला क्लास लावला. पहिल्या दिवशी निघताना ती आजीच्या पाया पडली. आईनं त्या वाकड्या हातानं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पायाकडं ध्यान दे गो. तुज्या आज्यासारखा चुकवू नको."

मुलगी हसली. बायको हसली. मी तिथेच चपला घालत होतो. मीही हसलो.